झोर्की-४चा फोकस घरी जुळवताना: आधी लेन्स, मग रेंजफाइंडर

प्रश्न थोडक्यात असा: काकांकडून आलेला झोर्की-४ हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा, त्यावर ज्युपिटर-८ लेन्स, म्हणजे ५० मि.मी. एफ/२ (एफचा आकडा लहान, तेवढी लेन्स जास्त उघडी). उन्हात एफ/८ वर काढलेले फोटो चांगले येतात. पण घरात एफ/२ वर, साधारण दीड मीटरवरून चेहरा काढला की डोळे मऊ आणि कान धारदार. नागपुरात असा कॅमेरा हाती घेणारा कारागीर सापडत नाही. घरच्या साध्या अवजारांनी हे जुळवता येईल का?

येईल, आणि बहुधा कॅमेऱ्याचं वरचं झाकण न उघडताच येईल. पण कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी चूक किती आहे ते बघा, कारण ते तुमच्या वर्णनातूनच निघतं. डोळ्यापासून कानापर्यंत ९ सें.मी. धरा. समोरच्या अंतरातली चूक फिल्मपाशी किती होते हे काढायचं तर अंतराला फोकल लेंग्थने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि त्या आकड्याने चुकीला भागायचं. १५०० भागिले ५० म्हणजे ३०, त्याचा वर्ग ९००. ९० मि.मी. भागिले ९०० म्हणजे ०.१ मि.मी. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी! एफ/८ ला फिल्मपाशी साधारण ०.२४ मि.मी. मागेपुढे खपतं, म्हणून ही चूक तिथे लपते. एफ/२ ला जेमतेम ०.०६ मि.मी. खपतं, तिथे ती उघडी पडते. म्हणूनच पुढची प्रत्येक तपासणी लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एफ/२ वरच करायची.

आता ही कागदभर चूक नक्की कुठे आहे? रेंजफाइंडर म्हणजे खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायची सोय. त्याला लेन्स काय करते आहे हे दिसत नाही. लेन्सच्या मागच्या कडेला टेकलेला एक लिव्हर किती सरकला, एवढंच त्याला कळतं, आणि त्यावरून तो दुसरी प्रतिमा आडवी सरकवतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात: लेन्स फिल्मपासून योग्य अंतरावर नसणं, किंवा लेन्स बरोबर असून रेंजफाइंडर खोटं सांगणं. घरी दुरुस्ती करणारे सर्रास रेंजफाइंडरचा स्क्रू फिरवून मोकळे होतात. दोष लेन्समध्ये असेल तर त्या एका लेन्सपुरतं कदाचित जमूनही जातं, पण दुसरी लेन्स लावली की सगळं उलटं होतं. म्हणून क्रम सोडू नका: आधी लेन्स आणि फिल्मचं नातं, मग रेंजफाइंडरची उभी जुळणी, मग अनंताची, म्हणजे खूप दूरच्या वस्तूची, आडवी जुळणी, मग एक मीटर, आणि शेवटी पुन्हा अनंत.

त्याही आधी तीन गोष्टी बघा, कारण यांतच निम्म्या तक्रारी मिटतात. झोर्की-४ ला रिवाइंड नॉबच्या खाली डायॉप्टरचा, म्हणजे नजरेच्या नंबराप्रमाणे खिडकी जुळवायचा, छोटा लिव्हर असतो; तो हलवून दूरचं दृश्य तुमच्या डोळ्याला स्वच्छ करून घ्या. दुसरं, लेन्स शेवटपर्यंत आवळलेली आहे का ते बघा. एम-३९च्या, म्हणजे लेन्स बसते त्या ३९ मि.मी. जोडणीच्या, आट्यांत कचरा असेल तर लेन्स टेकल्यासारखी वाटते पण टेकत नाही. दात घासायच्या जुन्या, कोरड्या ब्रशने आटे आणि टेकण्याची कड साफ करा. तिसरं, लांबच्या एखाद्या खांबावर प्रतिमा आधी जवळून अनंताकडे जात जुळवा, मग अनंताकडून जवळ येत. दोन्ही वेळा रिंगवरचं वाचन वेगळं येत असेल तर लिव्हर चिकटतो आहे. लेन्स काढून त्याला बोटाने हलकेच आत दाबून सोडा. तो चटकन परत आला पाहिजे. रेंगाळत असेल तर टाचणीच्या टोकावर मावेल एवढं लायटर फ्लुइड त्याच्या आसाला लावा, दहा-वीसदा हलवा, सुकू द्या. तेल घालू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा जुनं ग्रीससुद्धा पातळ होऊन नको तिथे पसरतं, मग तेलाचं काय होईल ते समजून घ्या.

अवजारं फार लागत नाहीत. घड्याळवाले वापरतात ते १.० ते २.० मि.मी.चे चपट्या तोंडाचे स्क्रूड्रायव्हर, लॉक होणारी केबल रिलीज (शटरचं बटण दाबायची वायर), ट्रायपॉड, शिंप्याचा नव्हे तर स्टीलचा टेप, भिंग, नेलपॉलिश, आणि दुधी काचेचा एक तुकडा. भिंग नसेल तर एसएलआरची ५० मि.मी. लेन्स उलटी धरा. ती पाचपट मोठं दाखवते.

काचेचं मात्र नीट ऐका. फोटो फ्रेम करणाऱ्याकडून २ मि.मी. काचेची सुमारे ६० मि.मी. लांब आणि ३२ मि.मी. रुंद पट्टी कापून घ्या. बाजारातल्या दुधी काचेचा कण फार जाड असतो, त्यावर बारीक तपशील दिसत नाही. साधी काच आणून स्वतः घासलेली बरी: ६०० नंबरची कार्बोरंडम पावडर, चार थेंब पाणी, आणि वरून काचेचाच दुसरा तुकडा घेऊन पंधरा-वीस मिनिटं गोल गोल घासा. मोटारच्या व्हॉल्व्हला लावायची बारीक पेस्टही चालते. कडा पाण्याच्या पॉलिश पेपरवर मोडून घ्या, नाहीतर बोट आणि शटरचा पडदा दोन्ही कापतील.

झोर्की-४ची पाठ आणि तळ एकत्र निघतो, त्यामुळे फिल्मच्या जागेपर्यंत सहज पोचता येतं. तिथे दोन जोड्या रेल दिसतील. आतल्या जोडीवर फिल्म टेकते. बाहेरची जोडी किंचित उंच असते, तिच्यावर प्रेशर प्लेट (फिल्म सपाट ठेवणारी पट्टी) टेकते. काच आतल्या रेलवर बसली पाहिजे, घासलेली बाजू लेन्सकडे. ३२ मि.मी. रुंदी त्याचसाठी सांगितली. रुंद पट्टी बाहेरच्या रेलवर बसली तर ती फिल्मच्या पातळीपेक्षा साधारण ०.२ मि.मी. मागे जाते, आणि एक मीटरवर ही चूक ८ सें.मी. होते! म्हणजे बरोबर असलेला कॅमेरा तुम्ही आपल्या हाताने बिघडवाल. सेलोटेप ताणून लावण्याची युक्ती बरेच जण सांगतात. टेप मध्ये झोळते, एफ/२ साठी तिच्यावर विसंबू नका. काच दोन रबरबँडनी हलकी दाबून धरा. शटर आधी कॉक करा (ताणून तयार करा), मग स्पीडची चकती बी वर न्या; बी वर बटण दाबलेलं असेपर्यंत पडदा उघडा राहतो. झोर्कीत कॉक न करता स्पीडची चकती फिरवली तर आतली यंत्रणा मोडू शकते. केबल रिलीज दाबून लॉक केली की पडदा उघडा राहतो.

आता अनंत. शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी म्हणजे अनंत नव्हे. १०० मीटरवरच्या वस्तूसाठी ५० मि.मी. लेन्स ०.०२५ मि.मी. पुढे यावी लागते. एफ/२ ला जे ०.०६ खपतं त्यातलं निम्म्याच्या आसपास इथेच संपलं. रेंजफाइंडरच्या बाजूनेही तसंच. झोर्की-४च्या दोन खिडक्यांतलं अंतर जवळपास ३८ मि.मी. आहे, त्यामुळे १०० मीटरवर दोन प्रतिमांत सव्वा मिनिटाहून (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) थोडा जास्त कोन पडतो, आणि तो डोळ्याला दिसतो. किलोमीटरभर अंतरावर तो दहा पटीने कमी होतो. म्हणून लक्ष्य किमान एक किलोमीटर लांब आणि उभ्या कडेचं हवं. धरमपेठ-रामदासपेठेकडच्या उंच गच्चीवरून सेमिनरी हिल्सचा टीव्ही टॉवर दिसत असेल तर उत्तम. मानकापूर, जरीपटक्याकडे राहत असाल तर कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांसारखं लक्ष्य नाही: सरळ, उभ्या आणि भरपूर लांब. काहीच दिसत नसेल तर अंबाझरीच्या बांधावरून पलीकडच्या काठावरची खोडं धरा. वेळ सकाळी सहा-सातची. उन्हाळ्यात नऊनंतर तापलेल्या गच्च्यांवरून हवा अशी थरथरते की टॉवरची कड सरळ दिसतच नाही.

लेन्स अनंताच्या थांब्यावर, एफ/२ वर ठेवा आणि दुधी काचेवर भिंगाने टॉवर बघा. थांब्यावरच सगळ्यात धारदार दिसला तर लेन्स ठीक. किंचित आधी धारदार होऊन थांब्यावर मऊ पडत असेल तर लेन्स फिल्मच्या जास्तच जवळ आहे. थांब्यापर्यंत जाऊनही "अजून थोडं हवं होतं" असं वाटत असेल तर ती लांब आहे. डोळ्याला फरक ओळखू येत नसेल, आणि ०.०५ मि.मी. चा फरक काचेवर ओळखणं खरंच अवघड आहे, तर पुढची पद्धत वापरा. माझ्या मते घरी करता येण्याजोगी याहून खात्रीची तपासणी नाही.

कोणताही डीएसएलआर आणि १३५ किंवा २०० मि.मी. लेन्स घ्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून त्या लेन्सचा खरा अनंत टॉवरवर किंवा ठळक ताऱ्यावर शोधा आणि ऑटोफोकस बंद करून रिंग टेपने चिकटवून टाका. आता वाया गेलेल्या फिल्मच्या तुकड्यावर इमल्शनच्या (रसायनाचा थर असलेल्या) बाजूने सुईने बारीक फुली ओरखडा. तो तुकडा झोर्कीच्या आतल्या रेलवर, इमल्शन लेन्सकडे करून, काचेच्या पट्टीने सपाट दाबा. मागून मोबाइलचा पांढरा स्क्रीन लावा. दोन्ही कॅमेरे लेन्सला लेन्स जवळपास भिडवून समोरासमोर ठेवा आणि डीएसएलआरमधून झोर्कीच्या पोटात बघा. फुली दिसेल. झोर्कीची लेन्स अनंतावर बरोबर असेल तर फुली धारदार दिसते, नसेल तर नाही. २०० मि.मी. लेन्स लावली की झोर्कीतली चूक १६ पट मोठी होऊन दिसते: ०.०५ मि.मी. ची ०.८ होते, ती लपूच शकत नाही. दिशाही कळते. टेप काढून डीएसएलआर जवळच्या अंतराकडे फिरवल्यावर फुली स्वच्छ झाली तर झोर्कीची लेन्स फिल्मच्या जास्त जवळ आहे. अनंताच्या पलीकडे फिरवावं लागलं तर लांब आहे.

लेन्स चुकीची निघाली तर उपाय तिच्यातच आहे. ज्युपिटर-८चा काचांचा ब्लॉक फोकसिंग माउंटमधून आट्यांवर फिरून बाहेर येतो, आणि त्याच्याखाली पातळ धातूचा वॉशर असतो. काढण्याआधी पेन्सिलीने खूण करा आणि वॉशर किती होते ते मोजा. ते चिकटून येतात आणि नकळत खाली पडतात. लेन्स फिल्मच्या जास्त जवळ असेल तर जाडी वाढवायची. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो, स्वयंपाकघरातली फॉइल ०.०१ ते ०.०२ मि.मी. वॉशरचीच नक्कल कात्रीने कापा आणि कडेची बारीक कूस घासून काढा. कूस राहिली तर ब्लॉक तिरका बसतो आणि फोटोची एकच बाजू मऊ येते. लेन्स लांब असेल तर मूळ वॉशर काचेवर ठेवलेल्या १००० नंबरच्या वॉटर पेपरवर आठच्या आकड्यात घासून पातळ करा, दर वेळी थोडंच, आणि दर वेळी फुली बघून. जाडी बदलल्यावर एफ-आकड्यांची खूण थोडी फिरून बसते, त्याने फोटोचं काही बिघडत नाही.

एक शंका इथेच फेडून घ्या: चूक लेन्सची की बॉडीची? लेन्स टेकते त्या कडेपासून फिल्मपर्यंत २८.८ मि.मी. हवेत. व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने, शटर उघडं ठेवून, आतल्या रेलवर दाबलेल्या काचेपर्यंत चार कोपऱ्यांत मोजा. साध्या व्हर्नियरवर ०.०५ पर्यंतच विश्वास ठेवा, पण पूर्वी कोणी माउंटची रिंग उघडून तिच्याखालचे कागदी वॉशर हरवले असतील तर ते लगेच उघड होतं. बॉडीत कमी असेल तर वॉशर बॉडीतच घाला.

लेन्स खरी ठरली की रेंजफाइंडर. आधी उभी जुळणी. त्यासाठी आडवी कड किंवा लांबचा दिवा, रात्र असेल तर तारा बघा. दोन प्रतिमा एकाखाली एक दिसत असतील तर ती चूक. समोरच्या छोट्या गोल खिडकीभोवतीची रिंग आट्यांवर निघते. रबरी हातमोज्याचं बोट लावून फिरवा, पक्कड लावू नका. आत पाचरीसारखी तिरपी काच असते. ती फिरवली की प्रतिमा वर-खाली जाते. ती गोलात फिरत असल्याने प्रतिमा आडवीही थोडी सरकते. म्हणूनच उभी जुळणी नेहमी आधी.

मग अनंत. लेन्स थांब्यावर ठेवून टॉवरची कड बघा. आडव्या जुळणीचा स्क्रू कॅमेऱ्याच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या जागी असतो: कुठे समोर खिडक्यांजवळच्या, नुसत्याच बसवल्यासारख्या दिसणाऱ्या झाकणी स्क्रूमागे, कुठे लेन्स काढल्यावर तोंडात वरच्या बाजूला लिव्हरच्या मुळाशी. ओळखायची खूण एकच: फिरवल्यावर प्रतिमा आडवी, आणि फक्त आडवी, सरकते. शेजारी लॉकचा स्क्रू असेल तर आधी तो सैल करा. एका फेऱ्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका आणि किती फिरवलं ते लिहून ठेवा. प्रतिमा जुळली की डोळा खिडकीमागे थोडा डावी-उजवीकडे हलवून बघा. जुळणी हलत असेल तर डोळा मधोमध धरायची सवय लावावी लागेल.

आता एक मीटर, आणि तुमच्या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. ट्रायपॉडवरचा कॅमेरा, समोर उभ्या रेघेचा कागद, आणि त्याच्या शेजारी मागे तिरकी जाणारी स्टीलची पट्टी. अंतर फिल्मच्या पातळीपासून मोजा, लेन्सच्या तोंडापासून नाही. रेंजफाइंडरने रेघ जुळवा, मग दुधी काचेवर भिंगाने बघा की पट्टीवरचा कुठला आकडा सगळ्यात स्वच्छ आहे. एफ/२ वर एक मीटरला मागे आणि पुढे साधारण २.४ सें.मी. खपतं, स्वच्छ पट्टा रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखा पडायला हवा. पाच वेळा फोकस मोडून पुन्हा जुळवा आणि पाचही वाचनं लिहा, एकावर निर्णय घेऊ नका.

अनंत बरोबर पण एक मीटर चुकत असेल तर दोष लिव्हरच्या टोकात आहे. लायकाला तिथे गोल चाक असतं. झोर्की आणि फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांना पाचरीसारखं टोक असतं, आणि ते आपल्या आसावर किंचित फिरवता येतं. त्याने जवळचा फोकस बदलतो. पकडणारा स्क्रू असेल तर जरा सैल करून केसभर फिरवा. यानंतर अनंत हमखास हलतो. पुन्हा टॉवर, पुन्हा एक मीटर. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही टोकं जुळतात. त्याहून जास्त लागत असतील तर काहीतरी सैल आहे, आधी ते शोधा.

दुसरं कारण लेन्स आणि बॉडी वेगवेगळ्या घराण्यांतली असण्याचं. लायकाची जोडणी ५१.६ मि.मी. च्या लेन्सवर बेतलेली आहे, सोव्हिएत कॅमेऱ्यांची ५२.४ वर. ज्युपिटर-८ लायकावर लावली तर अनंत जुळूनही एक मीटरला ०.०९ मि.मी. चा फरक पडतो आणि फोकस मागे जातो. तुमच्याकडे दोन्ही सोव्हिएत आहेत, तेव्हा हा प्रश्न नाही. पण पुढे कोणाची जपानी स्क्रू-माउंट लेन्स मिळाली तर तिच्यासाठी झोर्कीचा लिव्हर पुन्हा फिरवू नका.

पॅच, म्हणजे खिडकीच्या मधला दुसरी प्रतिमा दिसणारा भाग, फिका दिसतो म्हणून आतला आरसा पुसायचा मोह होईल. पुसू नका. त्यावरचा अर्धपारदर्शक थर कापसाच्या बोळ्यानेही निघून येतो आणि मग काहीच दिसत नाही. रबरी ब्लोअरने हवा मारा, बाहेरच्या काचा तेवढ्या साफ करा. तरी फिका असेल तर मोठ्या खिडकीच्या मधोमध बाहेरून काळ्या टेपचा दोन-तीन मि.मी. चा ठिपका चिकटवा. तिथे मूळ दृश्य झाकलं जातं आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते.

हे वाचणाऱ्या काहींकडे याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट हे जपानी रेंजफाइंडर कॅमेरे असतील. तिथेही तर्क हाच, पण लेन्स पक्की बसवलेली असते आणि जुळणीसाठी बहुधा वरचं झाकण काढावं लागतं. रिवाइंडचा काटा आत आइसक्रीमच्या काडीने अडवून नॉब उलटा फिरवला की तो निघतो. याशिकात झाकण झटक्याने उचलू नका, काही मॉडेलांत फ्लॅश बसवायच्या शूला आतून वायर डाखलेली असते. जपानी स्क्रूंची चौफुली साध्या फिलिप्सपेक्षा वेगळी असते. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर डोकी झिजतील.

सगळं जुळल्यावर स्क्रूच्या कडेला नेलपॉलिशचा एक थेंब लावा, डोक्यावर नाही, आणि रात्रभर सुकू द्या. मग कमी आयएसओच्या फिल्मवर सहा फ्रेम घ्या: एक मीटर, दीड मीटर, तीन मीटर, तिन्ही ठिकाणी एफ/२ आणि एफ/४. ज्युपिटर-८ची रचना झाइसच्या जुन्या सोनार लेन्सच्या घराण्याची आहे, एफ/४ ला फोकस किंचित मागे सरकलेला दिसला तर तो लेन्सचा स्वभाव आहे, स्क्रू पुन्हा उघडू नका. फिल्म भरल्यावर पहिल्या दोन फ्रेम सोडा, आणि चाचणीच्या फ्रेम सलग काढा. रात्रभर एकाच जागी थांबलेली फिल्म बाक धरते आणि सकाळची पहिली फ्रेम खोटं सांगते.